‘पुराचा माल’ म्हणून परत आलेला मदरबोर्ड

महाडच्या पत्त्यावरून कुठलीही जुनी विजेची वस्तू विकायला काढा, पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला: पाण्यात होती का? २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर बाजारपेठेत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फ्रिज, टीव्ही, कॉम्प्युटर यांचे ढीग लागले होते. वाळवलेला माल पुढे कुठे कुठे विकला गेला तेही सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे प्रश्न रास्त आहे, त्याचा मला राग नाही. राग आहे तो त्या प्रश्नाच्या आडून हात मारणाऱ्यांचा. त्यातल्या एकाशी माझी गाठ पडली.

वस्तू म्हणजे ३८६डीएक्स-४० चा मदरबोर्ड. इंटेलचा ३८६ तेहतीस मेगाहर्ट्झवर थांबला होता, एएमडीने १९९१ मध्ये तो चाळीसवर नेला, त्यातला. प्रोसेसर बोर्डावरच सोल्डर केलेला, १२८ केबी कॅश, तीस पिनांच्या आठ पट्ट्या मिळून ८ एमबी रॅम आणि शेजारच्या सॉकेटात सायरिक्सचा कोप्रोसेसर. कोप्रोसेसर त्या काळी हौसेने कुणी घेत नसे. एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्यांची ड्रॉइंग्ज मी ऑटोकॅडवर करून द्यायचो, आणि ऑटोकॅड त्याच्याशिवाय जागचं हलत नसे. स्लॉटमध्ये सी-डॅकचं जिस्ट कार्ड. लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची पत्रकं, सगळं डॉसवर, मराठीत. मराठी कॉम्प्युटरवर काल-परवा आली असं समजणाऱ्यांसाठी सांगतो, भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की या संकेतांचं भारतीय मानक १९९१ सालचं आहे.

धंदा आवरल्यावर यंत्र पोलादपूरला भावाकडे गेलं, वरच्या मजल्यावर. घर चढावर आहे. त्या पुरात पाणी त्या घराच्या पायरीलाही लागलेलं नाही.

गिऱ्हाईक शहरातलं होतं, तिशीतलं, जुन्या यंत्रांचं शौकीन. बोलणं इतकं गोड की विचारू नका. “काका, तुमच्यासारखी जपणारी माणसं आता कुठे राहिलीत!” त्याला आधी जिस्ट कार्ड हवं होतं. ते विकायचं नाही म्हटल्यावर बोर्डावर आला. साडेसहा हजारांना ठरलं: निम्मे आधी, निम्मे बोर्ड त्याच्याकडे चालू झाल्यावर. ही ‘निम्मे नंतर’ची अट त्याची. मी बोर्ड चालू करून व्हिडिओ पाठवला, मेमरी मोजताना दिसते, कॅश दिसते, डॉस प्रॉम्प्ट येतो. त्याने अंगठा दाखवून पसंती कळवली. बोर्ड कुरिअरने रवाना.

मग काही दिवस सामसूम, आणि नंतर फोन. “काका, बोर्ड डेड आहे. आत गाळ आहे. पुराचा माल आहे ना हा?”

मी म्हटलं, अरे, व्हिडिओ बघितलास ना? तर म्हणतो, “व्हिडिओ जुना असेल.” मग आवाज मऊ करून, “तुमच्याकडे सगळंच वाहून गेलं होतं ना, समजू शकतो मी.” तो काय समजू शकतो? त्याच पावसात तळियेत अख्खी वाडी दरडीखाली गेली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवर डोंगर आला. त्या पावसाचं नाव हा मनुष्य सव्वातीन हजार रुपयांसाठी घेत होता.

पार्सल परत आलं ते भावाच्या ओटीवर उघडलं. आधी नजर गेली ती कीबोर्डच्या सॉकेटजवळच्या कोपऱ्यात. तिथे निळी, पिंपासारखी बॅटरी होती, जागेवर, आणि तिच्या बुडाशी हिरवा पापुद्रा. मी क्षणभर बघतच राहिलो. माझ्या बोर्डावर बॅटरी नव्हतीच! ती मी धंदा आवरतानाच कापून काढली होती आणि बाहेरच्या जोडाला तीन पेन्सिल सेलचा डबा लावला होता. जी वस्तू नव्हती ती गळून बोर्ड कसा जाईल?

मग एकेक दिसायला लागलं. कोप्रोसेसरचं सॉकेट रिकामं, आणि त्याच्या भोकांत वर्षानुवर्षांची धूळ घट्ट बसलेली. त्या सॉकेटात जन्मात कधी चिप गेली नव्हती. प्रोसेसरवरचा तारखेचा आकडा वेगळा. आणि तो प्रसिद्ध गाळ! पुराचा गाळ आम्ही घराघरांतून उपसला आहे. तो पाण्याबरोबर फटीफटीत शिरतो, स्लॉटच्या तळाला जाऊन बसतो, ब्रशने निघत नाही. याच्यावर होती ती वरवर चोपडलेली तांबडी माती, आणि तीत चहाच्या चोथ्याचे कण. कुंडीतली माती लावली होती पठ्ठ्याने. स्लॉट आतून स्वच्छ!

फोन केला तर म्हणे, “काका, तुम्हाला आठवत नसेल. वय होतं माणसाचं.” या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलोय असं समजा.

पुढे दोन्ही बोर्डांचे फोटो शेजारी ठेवून या छंदातल्या ओळखीच्या दोघांना दाखवले. एकाने लगेच ओळखला. तो मेलेला बोर्ड हेच महाशय आधी ‘नादुरुस्त, सुट्या भागांसाठी’ म्हणून विकायला बघत होते. म्हणजे त्यांना माझ्या चालू बोर्डाच्या बदल्यात आपला मेलेला माझ्या गळ्यात मारायचा होता आणि वर पैसेही वाचवायचे होते. ‘पूर’ ही सोय आयती मिळाली.

आता ज्यांच्या माळ्यावर असलं काही पडून आहे त्यांच्यासाठी.

फोटो पुढून सगळेच काढतात, मागून काढा. बोर्डाच्या पाठीवरची सोल्डर, एखादी ओढलेली तार, ओरखडे ही अंगावरच्या तिळासारखी ओळख असते, ती बदलता येत नाही. चिपांवरचे चार आकडे टिपा. बहुतेक चिपांवर पहिले दोन वर्षाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे असतात. ९२३४ म्हणजे १९९२ सालचा चौतिसावा आठवडा. एएमआयचा बायोस असेल तर चालू होताना पडद्याच्या तळाशी आकड्यांची लांब ओळ येते. तिच्यावरून बोर्ड कोणी बनवला तेही शोधता येतं. तिचा फोटो घ्याच. आणि एक खूण अशी करा जी फोटोत पाठवायची नाही. मी आता एका सॉकेटच्या पोटात नेलपॉलिशचा ठिपका लावतो. घरात त्यावरून हसतात, हसू देत.

व्हिडिओ एकसलग काढा: त्या दिवसाचं वर्तमानपत्र, बोर्ड चालू, बोर्ड बंद, पिशवीत, खोक्यात, चिकटपट्टी, वर पत्ता. मध्ये कॅमेरा थांबवायचा नाही. ‘व्हिडिओ जुना असेल’ याला दुसरं उत्तर नाही.

बॅटरी. हे विकणाऱ्यांसाठीच नाही, ठेवणाऱ्यांसाठीही. त्या काळच्या बोर्डांवरची निकेल-कॅडमियमची ३.६ व्होल्टची बॅटरी आज ना उद्या गळतेच. आपल्याकडे तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि चार महिने भिंतींना ओल, बोर्ड काळा पडायला आणखी काय हवं? आजच कापा. ‘चालू आहे, कशाला हात लावा’ म्हणणाऱ्यांचेच बोर्ड जातात. गळलेलं असेल तर खायचा सोडा लावायला सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. सोडा आम्लावर चालतो, इथे जे गळतं ते अल्कली असतं. साधं पांढरं व्हिनेगर कापसाच्या बोळ्याने लावायचं, मग पाण्याने पुसायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. हिरवं निघालं म्हणजे संपलं नाही, खालचे तांब्याचे माग मल्टीमीटरने एकेक तपासावे लागतात. आणि त्या जागी बटणासारखा लिथियम सेल थेट सोल्डर करू नका. बोर्ड त्याला चार्ज करायला बघतो आणि तो सेल चार्ज होण्यासाठी नसतो. मध्ये डायोड हवा, नाहीतर सेलचा डबा बाहेरच्या जोडाला.

बॅटरी काढण्याआधी सेटअपमध्ये जाऊन हार्ड डिस्कचे आकडे लिहून घ्या: टाइप ४७ खाली सिलिंडर, हेड, सेक्टर. कागद हरवतो, डिस्कच्या पाठीवरच लिहा. त्याशिवाय डिस्क शाबूत असूनही जुन्या फायली हाती लागायच्या नाहीत, आणि मग शेजारचा पोरगा ‘डिस्क गेली’ सांगून मोकळा होतो.

पुष्कळ वर्षांनी चालू करताना घाई नको. पॉवर सप्लायचे पी-८ आणि पी-९ हे दोन जोड उलटेही बसतात, आणि उलटे बसले की बोर्ड गेलाच. काळ्या तारा मध्ये, एकमेकींना लागून, हे पाठ करा. त्याआधी प्रत्येक व्होल्टेज आणि ग्राउंड यांच्यात शॉर्ट आहे का ते मीटरने बघा. टँटलमचे ते पिवळे थेंबाएवढे कपॅसिटर आतून शॉर्ट होतात आणि वीज देताच फटाक्यासारखे उडतात. डोळ्यांना चष्मा असू द्या.

विकत घेणाऱ्यांनाही एक सांगतो, कारण गंडवणारे दोन्ही बाजूंना आहेत. नव्वदच्या मध्यावरच्या काही ४८६ बोर्डांवर कॅशच्या चिपा चक्क पोकळ होत्या, आत सिलिकॉन नाही, नुसतं प्लास्टिक, आणि बायोस मात्र ऐटीत कॅश आहे म्हणून सांगायचा. तेव्हा पडद्यावरच्या आकड्यावर जाऊ नका, कॅशचेक नावाचा डॉसचा प्रोग्रॅम चालवून वेग बघा.

भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. त्याला त्यातलं सोनं हवं असतं, आणि ते ज्या पद्धतीने आम्लात काढतात ती बघवत नाही. बाकी मग नेहमीचंच: पावती ठेवा, अनोळखी माणसाशी जपून वागा, पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकायचा नसतो.

पैशांबद्दल माझं मत आता पक्कं आहे. पूर्ण रक्कम आधी. ‘चालवून बघतो, मग देतो’ म्हणणाऱ्याला सांगायचं, घरी ये, चहा घे, चालवून बघ, घेऊन जा. मुंबई-गोवा हायवेवर आहे गाव, हिमालयात नाही. खरा शौकीन येतोच.

आणि कायद्याच्या भरवशावर राहू नका. ग्राहक आयोग ग्राहकासाठी आहे, घरातली जुनी वस्तू विकणाऱ्याला तिथे दाद नाही. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, पण माझ्या खात्यातून पैसे गेलेच नव्हते, वस्तू गेली होती. वकिलाची नोटीस पाठवली. ती त्याने घेतली, उत्तर नाही. त्याने दिलेले निम्मे पैसे माझ्याकडे, त्याचा मेलेला बोर्ड माझ्याकडे, माझा बोर्ड त्याच्याकडे. मधल्या काळात त्या मेलेल्या बोर्डाची बॅटरी मी कापली, व्हिनेगरने कोपरा धुतला, तुटलेल्या तीन मागांवर तारा ओढल्या, आणि तो चालू झाला! कोप्रोसेसर नाही, बाकी ठणठणीत. हे त्याला कुणीतरी कळवलं असावं, कारण परवा फोन आला होता. “काका, झालं गेलं विसरू, तो माझा बोर्ड परत देता का?”

जिस्ट कार्ड त्याच बोर्डात बसवलंय. तेही विचारून झालं त्याचं. विकायचं नाही.