लॉकअपची घाई नको

प्रश्न : टेक्सासमध्ये राहतो. २००१ ची डॉज रॅम, ५.९ कमिन्स डिझेल, ऑटोमॅटिक. ट्यूनर बसवल्यापासून ताशी ४५ मैलांच्या आसपास टॉर्क कन्व्हर्टरचं लॉकअप लागतं-सुटतं. ते लवकर लावलं तर गाडी जास्त ओढेल ना?

उत्तर : उलट होईल. टॉर्क कन्व्हर्टर मोकळा असतानाच टॉर्क वाढवून देतो. कमी आरपीएमवर लॉक केलात, तर वाढीव ताकदीपुढे कन्व्हर्टरमधला मूळचा क्लच घसरून जळेल. लॉकअप थोडं उशिराच लागू द्या. पण ते लागतं-सुटतं म्हणून गिअरबॉक्स उतरवायची घाई नको, आधी अल्टरनेटर बघा. त्याचे डायोड बिघडले की थ्रॉटलच्या सिग्नलमध्ये खरखर शिरते आणि नेमकं हेच होतं. शिव्या मात्र ट्यूनरला! इंजिन चालू ठेवून मल्टीमीटरने बॅटरीवरचा एसी व्होल्टेज मोजा, ०.१ व्होल्टच्या वर दिसला, तर संशय अल्टरनेटरवरच. लॉकअपसाठी हाताने चालवायचा स्विच लावलात, तर थांबण्याआधी लॉक सोडा, नाहीतर इंजिन बंद पडेल.