बाप्तिस्मा व पापक्षमा : तारू फुटते काय?

बाप्तिस्म्याने काय घडते, आणि बाप्तिस्म्यानंतर केलेल्या पापांची क्षमा कशी होते, याविषयी रोमन कॅथलिक मंडळी काय शिकविते, हे पाहण्याचे आम्ही या पाठात योजिले आहे. आमच्या वाचकांपैकी जे वसई, मुंबई किंवा गोवे या बाजूंस कामधंद्यासाठी जातात, त्यांचा रोमन कॅथलिक शेजाऱ्यांशी नित्य संबंध येतो, आणि बोलण्यात हा विषय निघतोच. अशा वेळी दोन प्रकारची चूक होते. कोणी त्यांचे म्हणणे न समजून घेताच निंदा करितो. कोणी ‘सगळे एकच’ असे म्हणून विचारच सोडून देतो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा धर्ममतांच्या वादातही लागू आहे. यास्तव प्रथम त्यांचे शिक्षण जसे आहे तसे मांडू व मग ते शास्त्राशी ताडून पाहू.

१. रोमन मंडळीचे शिक्षण

आदामाच्या पतनामुळे प्रत्येक मनुष्य मूळ पापासहित जन्मतो. बाप्तिस्म्याने हे मूळ पाप, मनुष्याने स्वतः केलेली सर्व पापे आणि त्यांबद्दलचा दंडही नाहीसा होतो. मनुष्य नवा जन्म पावतो. पापाची ओढ मात्र मागे राहते, पण ती स्वतः पाप नव्हे. ट्रेंट येथील धर्मसभेने १५४६ व १५४७ या साली हे शिक्षण ठरविले, आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या मंडळीच्या धर्मशिक्षणाच्या मोठ्या ग्रंथातही तेच सांगितले आहे.

संस्काराचे सामर्थ्य तो देणाऱ्या पाद्र्याच्या पुण्याईवर अवलंबून नाही, ते ख्रिस्ताकडून येते, असे ते म्हणतात. मरणाचा प्रसंग असता कोणीही, स्वतः बाप्तिस्मा न झालेला मनुष्यदेखील, मंडळीचा हेतू मनात धरून पाणी ओतील व पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे नाव घेईल, तर तो बाप्तिस्मा खरा होय. बाप्तिस्मा आत्म्यावर न पुसणारा शिक्का मारितो, म्हणून तो एकदाच होतो. याच कारणास्तव, आपल्या मंडळ्यांत पाण्याने व त्रैक्याच्या नावाने झालेला बाप्तिस्माही ते खरा मानितात. शिवाय प्रौढ मनुष्यास विश्वास व पश्चात्ताप यांवाचून त्याचा लाभ नाही, हेही ते शिकवितात. तेव्हा ‘ते पाण्यास मंत्रासारखे मानितात’ असा आरोप सरसकट करणे न्याय्य नाही.

पुढील भाग आमच्या विषयाचा गाभा होय. बाप्तिस्मा झालेला मनुष्य मरणकारक पाप करील, तर शिक्का राहतो, पण कृपा जाते. ती परत मिळविण्यासाठी प्रायश्चित्त संस्कार नेमिला आहे; गोव्याकडे पापनिवेदनास कुमसार म्हणतात. त्यात पापी मनुष्याकडून तीन गोष्टी अपेक्षित आहेत : मनापासून अनुताप, पाद्र्याजवळ आपली मरणकारक पापे एकेक करून सांगणे, आणि नेमून दिलेली भरपाई करणे. मग पाद्री ख्रिस्ताच्या नावाने पापमोचन करितो. वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे असा नियम १२१५ साली लॅटरन येथील धर्मसभेने केला. पापाचा दोष गेला तरी काही दंड उरतो, व तो येथे किंवा मरणानंतर शुद्धिस्थळात भोगून संपवावा लागतो, असेही शिक्षण आहे.

२. हे शिक्षण कसे वाढत गेले

प्राचीन मंडळीपुढे एक खरी अडचण उभी राहिली. बाप्तिस्म्याने मागील सर्व पापे धुतली गेली, तर पुढील पापांचे काय? कित्येकांनी असा हिशेब केला की, धुणे एकदाच मिळते, तर ते होईल तितके उशिरा घ्यावे. कॉन्स्टंटाइन बादशहाने ३३७ साली मरणाच्या थोडेच अगोदर बाप्तिस्मा घेतला. ऑगस्टिन लहानपणी फार आजारी पडला, तेव्हा त्याच्या बाप्तिस्म्याची तयारी झाली होती; पण तो बरा झाला आणि ते काम लांबणीवर पडले, कारण धुतल्यावर पुन्हा मळणे अधिक भयंकर असे घरच्यांस वाटले. अखेरीस ३८७ सालच्या ईस्टर सणाच्या वेळी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, मिलान शहरी आंब्रोज याच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. मधली वर्षे कशी गेली हे त्याने स्वतःच दुःखाने लिहून ठेविले आहे.

या अडचणीस उत्तर म्हणून जेरोम या विद्वानाने एक दृष्टांत दिला. बाप्तिस्मा हे तारू. पापाने ते फुटले म्हणजे बुडणाऱ्याने दुसरी फळी धरावी, आणि ती फळी म्हणजे प्रायश्चित्त. हा दृष्टांत रोमन मंडळीत इतका मान्य झाला की, प्रायश्चित्तास दुसरी फळी म्हणणे योग्य नाही असे जो म्हणेल त्यास ट्रेंटच्या सभेने १५५१ साली शापित ठरविले.

३. तारू फुटत नाही

हा शाप कोणाच्या बोलण्यावर होता? मार्टिन लूथर याने १५२० साली या दृष्टांताविरुद्ध लिहिले होते. त्याचे म्हणणे असे : तारू फुटतच नाही, कारण ते देवाच्या वचनाचे बनविलेले आहे. मनुष्य तारवातून बाहेर उडी टाकितो हे खरे. पण तारू जेथल्या तेथे शाबूत असते, आणि त्याने परत पोहून त्याच तारवास धरावे. अर्थात पश्चात्ताप म्हणजे नवीन फळी शोधणे नव्हे, तर आपल्या बाप्तिस्म्यात मिळालेल्या अभिवचनाकडे परत येणे होय. कॅल्विननेही असेच शिकविले की, बाप्तिस्म्याचे अभिवचन केवळ मागील पापांपुरते नसून सर्व आयुष्यासाठी आहे.

शास्त्र कोणत्या बाजूस आहे? पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्राने बाप्तिस्मा व पापक्षमा यांची सांगड घातली, हनन्याने पौलास बाप्तिस्मा घेऊन पापे धुऊन टाकावयास सांगितले, हे आम्ही मुळीच लपवू नये. बाप्तिस्मा ही रिकामी खूण नव्हे. परंतु त्याच प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात कर्नेल्याच्या घरी पाण्याच्या अगोदर पवित्र आत्मा उतरला. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल म्हणतो की, अब्राहामास सुंता मिळाली ती, विश्वासाने आधीच मिळालेल्या नीतिमत्त्वाची मुद्रा म्हणून. सरकारी कागदावरील शिक्का जमीन उत्पन्न करीत नाही, पण दिलेली जमीन तुझीच असे निश्चितपणे सांगतो. तसेच हे होय.

आणि बाप्तिस्म्यानंतरच्या पापाविषयी कृत्यांच्या आठव्या अध्यायातील शिमोन जादूगाराची गोष्ट पाहा. त्याचा बाप्तिस्मा झालेला होता, तरी त्याने देवाचे दान पैशाने विकत घेऊ पाहिले. पेत्राने त्यास कठोर शब्दांनी खडसाविले. पण पुन्हा बाप्तिस्मा घे असे म्हटले नाही, आणि माझ्याजवळ भरपाई कर असेही म्हटले नाही. पश्चात्ताप करून प्रभूची विनवणी कर, एवढेच सांगितले. योहानाच्या पहिल्या पत्राचा पहिला अध्यायही पाप कबूल करणाऱ्यास देवाच्या विश्वासूपणाकडे लावून देतो, आणि दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी आमचा कैवारी कोण हे स्पष्ट सांगितले आहे.

रोमन मंडळी योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायाचा आधार देते, कारण तेथे प्रभूने शिष्यांस पापांची क्षमा करण्याचा अधिकार दिला. आम्हीही तो अधिकार नाकारीत नाही. पण प्रेषितांनी तो कसा चालविला हे कृत्यांत दिसते : त्यांनी ख्रिस्ताच्या नावाने पापक्षमेची घोषणा केली, प्रत्येक पापाची यादी मागितल्याचे कोठे आढळत नाही. एखाद्या बंधूजवळ किंवा पाळकाजवळ मन मोकळे करणे फार हितकारक आहे, आणि याकोबाच्या पाचव्या अध्यायात तसे सांगितलेही आहे. ते मलमपट्टी म्हणून चांगले. क्षमेची अट म्हणून मात्र शास्त्रात नाही.

येथे एक आनंदाची गोष्ट नमूद केली पाहिजे. १९९९ साली लूथरन मंडळ्या व रोमन मंडळी यांनी मिळून जाहीर केले की, देव मनुष्यास स्वीकारितो तो त्याच्या योग्यतेमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्तावरील विश्वासाच्या द्वारे. २००६ साली मेथडिस्ट व २०१७ साली रिफॉर्म्ड मंडळ्यांचा जागतिक संघ त्यात सामील झाले. पापनिवेदन व शुद्धिस्थळ यांविषयीचा भेद मात्र अद्याप उरला आहे.

४. आमच्या मंडळ्यांस याचा उपयोग

उपदेशक बंधूंनो, हा वाद केवळ विद्वानांचा नव्हे. पुढील तीन माणसे आमच्या गावोगावी भेटतात.

पहिला मनुष्य म्हणतो, ‘आता नको, मुलीचे लग्न, सावकाराचे देणे, सगळे उरकले म्हणजे बाप्तिस्मा घेईन, तोवर हातून काही वावगे घडले तर तेही धुऊन निघेल.’ त्याला ऑगस्टिनची हकीकत सांगा. बाप्तिस्मा हा शेवटी भरावयाचा हप्ता नव्हे. ते आजच आत चढण्याचे तारू आहे.

दुसरा बाप्तिस्मा घेतलेला आहे. मूल तापाने फणफणले, भाऊबंदांनी आग्रह केला, आणि त्याने देवीस कोंबडे कापिले. किंवा दारूस पुन्हा हात लाविला. आता तो लाजेने उपासनेस येत नाही व म्हणतो, ‘माझा बाप्तिस्मा बाटला.’ या मनुष्यास तुम्ही काय सांगता यावर त्याचे सर्वस्व अवलंबून आहे. त्याचे पाप हलके करू नका. परंतु तारू फुटले नाही, हे त्याच्या घरी जाऊन सांगा. पेत्राने तीनदा नाकारिले तरी प्रभूने त्यास टाकिले नाही. मंडळीची शिस्त असेल ती असो; पण ती त्यास आत आणण्यासाठी आहे, दार लावण्यासाठी नव्हे.

तिसरी एक माता आहे. पाळक येण्यापूर्वीच तिचे तान्हे बाळ वारले, आणि शेजारीण म्हणाली की, पाणी न लागलेले लेकरू स्वर्गात जात नाही. अशी बालके लिंबो नावाच्या स्थळी राहतात, असे रोमन मंडळीचे पंडित पूर्वी पुष्कळ काळ शिकवीत. परंतु २००७ साली त्याच मंडळीच्या धर्मपंडितांच्या आयोगाने, अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास भक्कम कारणे आहेत, असे प्रसिद्ध केले. आम्ही त्या मातेस एवढेच दाखवू की, ज्याने बालकांस कवटाळून आशीर्वाद दिला त्याचे हात पाण्याच्या पात्राने बांधलेले नाहीत.

वाचकहो, बाप्तिस्म्याची आठवण ही भिंतीवर टांगलेला दाखला नव्हे. रोज सकाळी उठताना, विशेषतः पडलेल्या दिवसानंतरच्या सकाळी, ‘मी ख्रिस्ताच्या नावाने बाप्तिस्मा पावलेला आहे’ असे म्हणावे, पाप कबूल करावे, आणि उठून चालू लागावे.

वर्गासाठी प्रश्न

१. बाप्तिस्म्याने काय घडते असे रोमन मंडळी शिकविते? तिच्याविषयी कोणता आरोप सरसकट करू नये?
२. जेरोमचा दृष्टांत व लूथरचे उत्तर यांत भेद काय?
३. शिमोन जादूगारास पेत्राने काय करावयास सांगितले व काय सांगितले नाही?
४. तुमच्या मंडळीतून लाजेने दूर राहिलेला कोणी आहे काय? या आठवड्यात त्याच्याकडे कोण जाईल?