पाच वर्षं पुरणारा सेल

प्रश्न : अकोला एमआयडीसीत आमची डाळमिल आहे. एकानं मोटारीवर चुंबकानं चिकटणारी डबी बसवून दिली. तापमान आणि थरथर मोजून ते मोबाईलवर कळवते. वायर नाही, चार्जिंग नाही. सेल पाच वर्षं चालते म्हणे. आमचा मोबाईल तर संध्याकाळलोक मान टाकते. मग हे कसं काय?
— एक वाचक, अकोला

उत्तर : थाप नाही, पण हिशेब तपासून घ्या. अशा डब्यांत बहुधा ३.६ व्होल्टचा लिथियम-थायोनिल क्लोराइड सेल असतो. पेन्सिल सेलएवढ्या आकारात साधारण २,४०० मिलिअँपिअर-तास वीज मावते. डबीतला निरोप धाडणारा रेडिओ सतत चालू राहून २० मिलिअँपिअर ओढू लागला, तर सेल पाच दिवसांत आटोपेल. नुसतं कान लावून बसायलाही रेडिओला जवळपास बोलण्याइतकीच वीज लागते. म्हणून डबी बहुतेक वेळ झोपलेली असते. दर दहा मिनिटांनी सेकंदभर उठते, मोजते, आकडा धाडते, पुन्हा झोपते. झोपेतला खर्च ५ मायक्रोअँपिअर धरला, तर सरासरी ३८ च्या आसपास पडते. करा भागाकार : सात वर्षं!

हे झालं कागदावर. अकोल्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, वर तापलेला पत्रा, खाली मोटारीची धग. अशा उष्णतेत सेल न वापरताही झिजतो. त्यात लोखंडी शेड लहरी अडवते. निरोप पोचला नाही की डबी तो पुन्हा धाडते आणि वीज जाते. डब्या एकमेकींचे निरोप पुढे ढकलत असतील, तर सगळे निरोप गोळा करणाऱ्या गेटवेजवळची डबी सर्वांचं ओझं वाहून आधी मरते. तेव्हा विचारा : पाच वर्षं, ती दर किती मिनिटांच्या नोंदीला आणि किती तापमानाला?

अमरावतीकडच्या जिनिंगवाल्यांनी मात्र मोटारीआधी पॅनेल पाहावं. ढिला जोड तापतो आणि भोवती रुई उडत असते. आगीला आणखी काय हवं? तिथं केबलभोवती बसणारा सेन्सर घेता येतो. केबलमधल्या प्रवाहाच्या चुंबकीय क्षेत्रातूनच तो आपल्यापुरती वीज काढतो, सेलची कटकट नाही. प्रवाह थांबला की तोही गप्प होतो, पण तेव्हा जोडही तापत नसतो.

एक मात्र कराच. दहा मिनिटांनी जागी होणारी डबी शॉर्टसर्किट थांबवू शकत नाही. ती बसवली म्हणून ओव्हरलोड रिले आणि एमसीबी यांच्या देखभालीत कुचराई करू नका.