हूल आणि हिशेब
पोकरच्या डावाची शेवटची फेरी आहे. मध्ये १०० चिंचोके जमलेत. नेहमी चढाई करणारा प्रतिस्पर्धी आणखी १०० लावतो. त्याची पाने खरेच भारी, की ही नुसती हूल? हूल असेल तरच तुम्ही जिंकाल. मग १०० भरून पाने उघडायला लावावीत का?

हिशेब करू. जिंकलात तर २०० मिळतील, हरलात तर १०० जातील. म्हणजे तीन वेळांत एकदा जिंकलात, तर ना नफा ना तोटा. तो याहून जास्त वेळा हूल देत असेल तर भरा; कमी वेळा देत असेल तर पाने टाका.

फॉन नॉयमान आणि मॉर्गनस्टर्न यांनी १९४४ साली आपल्या ग्रंथात पोकरमधील हुलीचे गणित मांडले. एक डाव हरला, म्हणून निर्णय चुकला असे मात्र नव्हे!