शब्दाभ्यास : ‘ग्लीन’ म्हणजे सरवा वेचणे

इंग्रजी बायबलातील रूथच्या पुस्तकात दुसऱ्या अध्यायात ‘ग्लीन’ हे क्रियापद पुन्हा पुन्हा येते. रोजच्या बोलण्यात ते क्वचितच ऐकू येते, म्हणून इंग्रजी शिकलेली मुलेही तेथे अडतात. मराठीत त्याला नेमका शब्द आहे : सरवा वेचणे.

मूळ अर्थ : कापणी करणारे पुढे गेल्यावर शेतात राहिलेली कणसे वेचणे. भुईमूग काढल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा बायका-मुले उकरून घेतात, तेही ‘ग्लीन’ करणेच.

शास्त्राचा आधार : शेताच्या कडेपर्यंत कापू नये, पडलेले वेचू नये, ते गरीब व परदेशी यांच्यासाठी राहू द्यावे, अशी आज्ञा आहे (लेवीय १९:९-१०). म्हणजे सरवा ही भीक नव्हे, गरिबाचा वाटा आहे. त्यात कष्टही आहेत. रूथने संध्याकाळपर्यंत वेचले, मग झोडले, तेव्हा सुमारे एफाभर सातू निघाले. बवाजाने गड्यांना पेंढ्यांतून मुद्दाम काही टाकायला सांगितले, आणि तिला टाकून बोलू नका असेही बजावले (रूथ २:१५-१७).

इंग्लंडातही गरीब बायका पिढ्यान् पिढ्या सरवा वेचत. १७८८ साली मात्र तेथील न्यायालयाने हा कायद्याने हक्क नाही, असा निकाल दिला.

लाक्षणिक अर्थ : विखुरलेली माहिती थोडी थोडी वेचणे. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातून गावाचा इतिहास ‘ग्लीन’ करता येतो. एकाच पुस्तकातून आयती मिळालेल्या माहितीला हा शब्द लावू नये.

कोठे चुकते : धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांत उन्हाळ्याच्या तोंडावर आदिवासी कुटुंबे पहाटे मोहाची फुले वेचतात. इंग्रजीत पत्र लिहिताना याला ‘ग्लीन’ म्हणावेसे वाटेल; पण म्हणू नये. सरवा म्हणजे दुसऱ्याच्या कापणीनंतरचे उरलेले. मोह हे कोणाचे उरलेले नाही. ते त्यांचेच पीक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने असे गौण वनउपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला आहे. येथे ‘गॅदर’ हेच क्रियापद बरोबर. एका चुकीच्या शब्दाने धन्याचा सरवा वेचणारा होतो.

चर्चेसाठी :
१. आपण दिलेली मदत घेणाऱ्याला ओशाळे करते, की त्याच्या कष्टाला वाव ठेवते?
२. आपल्या मिळकतीची कोणती कड आपण न कापता ठेवली आहे?
३. जे मुळातच आदिवासींचे आहे, त्याला आपण ‘मदत’ तर म्हणत नाही ना?