बंब आला की शब्द त्यांचाच

“तुमच्या दुकानाला आग लागलीच नाही, मग हे नुकसान आगीचं कसं?” विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं मला सरळ विचारलं. भिजलेल्या तूरडाळीच्या गोण्या तेव्हा रस्त्यावर उन्हात पसरलेल्या होत्या, गुळाच्या ढेपा विरघळून फरशीवर चिकट राप बसला होता. आणि त्यांचं म्हणणं वरवर पाहता खरंच होतं. जाळ माझ्या दुकानात आलाच नव्हता.

आग लागली होती पाठीमागच्या सरकी-पेंडीच्या गोदामाला. बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या जुन्या पेठेत असते तशी आमची पेठ. गोदामाचं तोंड पलीकडच्या बोळात, आणि त्या बोळात बंब शिरत नव्हता. मग जवानांनी माझं शटर कटरनं कापलं, पाठची भिंत पहारीनं फोडली आणि तिथून पाइप आत नेला. काका शटरपुढे आडवे उभे राहिले होते. “किल्ली घरून येतेय, पाच मिनिटं थांबा की!” जवान एवढंच म्हणाला, “काका, पाच मिनिटांत पुढची चार दुकानं धरतील. बाजूला व्हा.” त्यानं त्यांचा दंड धरून त्यांना बाजूला केलं. काकांना तो अपमान वाटला, आणि पुढे कितीतरी दिवस घरात तोच विषय होता: यांना आपलं दुकान फोडायचा अधिकार दिला कुणी?

अधिकार कायद्यानं दिलाय. महाराष्ट्रातल्या पालिकांच्या कायद्यांत, नगरपरिषदांच्या 1965 च्या अधिनियमातसुद्धा, आगीच्या प्रसंगी दलाला काय करता येतं ते लिहिलेलं आहे. कामात अडथळा होणाऱ्या माणसाला तिथून हटवता येतं, रस्ता किंवा बोळ बंद करता येतो. पाइप नेण्यासाठी कुणाचंही घर-दुकान फोडून आत जाता येतं, वेळ पडली तर पाडताही येतं. दाब वाढावा म्हणून इतर भागांचं पाणी तोडता येतं. यासाठी मालकाची परवानगी लागत नाही, आणि सद्भावनेनं केलेल्या अशा कामाबद्दल जवानाकडून भरपाई मागता येत नाही. शिवाय हा अधिकार मोठ्या साहेबाची वाट पाहत बसत नाही. आपल्याकडे रात्री बंबावर बहुधा एखादा फायरमनच प्रमुख असतो, आणि जागेवर काम चालवणारा तोच असेल तर शब्द त्याचाच.

शब्द एकाचाच का हवा, याचं उत्तर मुंबईच्या गोदीत आहे. 14 एप्रिल 1944 ला ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाच्या पोटात आग लागली. स्फोटकं आणि कापसाच्या गाठी एकाच जहाजात होत्या. कापूस आतल्या आत कसा धुमसत राहतो हे आपल्या जिनिंगवाल्यांना वेगळं सांगायला नको. जहाज बुडवावं, बाहेर समुद्रात न्यावं की पाणीच मारत राहावं, यावर कप्तान, गोदीचे अधिकारी आणि अग्निशमन दल यांच्यात निर्णय झालाच नाही. दुपारी चार वाजून गेले आणि स्फोट झाला. दलाचे 66 जवान गेले. दर वर्षी 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी.

म्हणून पेठेतल्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. बंब आला की मदत जरूर करा, पण विचारून करा. आमच्या जिल्ह्यात पाण्याच्या टँकरला तोटा नाही आणि माणसं मनानं धावून येतात. मात्र तीन टँकर बोळाच्या तोंडाशी आडवे लागले की दुसरा बंब बाहेरच अडकतो. डीपीला स्वतः हात लावू नका, वायरमनला बोलवा. मोबाइल घेऊन पुढे घुसणाऱ्या पोरांना घरच्यांनीच मागे ओढावं. बंबाला वाट न देणाऱ्या वाहनचालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम 194-ई खाली दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. सरकारी कर्मचाऱ्याच्या कामात मुद्दाम अडथळा आणणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 221 खाली गुन्हा आहे. जवानावर हात टाकला तर कलम 132 लागतं, ते याहून कितीतरी जड आहे. काकांवर यातलं काही आलं नाही, तो त्या जवानाचा समजूतदारपणा.

आता त्या सर्व्हेअरच्या प्रश्नाकडे येतो, कारण व्यापारी इथेच हरतात. पालिका कायद्यात याच तरतुदीला जोडून असंही आहे की, आग विझवताना या अधिकारानं जे नुकसान होतं ते विमा पॉलिसीच्या दृष्टीनं आगीनंच झालेलं नुकसान धरायचं. कापलेलं शटर, फोडलेली भिंत, भिजलेली डाळ, सगळं त्यात येतं. पण हे तोंडी सांगून चालत नाही. नगरपरिषदेकडून अग्निशमनाचा अहवाल घ्या आणि त्यात “विझवण्याच्या कामासाठी दुकान क्रमांक अमुकचं शटर व भिंत दलानं फोडली” हे वाक्य आहे का, ते खिडकीवरच वाचून बघा. माझ्या पहिल्या अहवालात फक्त गोदामाचा उल्लेख होता. मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज दिला, जवानांच्या नोंदवहीवरून दुरुस्त अहवाल मिळाला, तेव्हा कुठे क्लेमची फाइल हलली. पोलिसांच्या पंचनाम्यातही तीच नोंद हवी. भिजलेला माल लगेच फेकू नका. आधी फोटो काढा, वजन करून ठेवा, कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा.

एवढं करूनही कंपनीनं नकार दिला, किंवा लेखी तक्रारीला महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर एकट्या मालकाच्या दुकानदारालाही विमा लोकपालाकडे जाता येतं. आपल्या भागासाठी ते कार्यालय पुण्याला आहे. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही. मुदत मात्र एक वर्षाची आहे.