वस्तऱ्याची धार

‘केसानें गळा कापणें’ हा वाक्प्रचार आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु केसानें पोलादाचा टवका उडतो, असें कोणी सांगितलें तर आपण तें खरें मानाल काय?

नुसत्या डोळ्यांनीं पाहिलें असतां वस्तऱ्याची धार केवळ एक रेघ वाटते. इ. स. १६६५ सालीं लंडन येथील रॉबर्ट हुक यानें ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथांत प्रथम सुईच्या टोंकाचें व लागलीच वस्तऱ्याच्या धारेचें वर्णन दिलें. चांगला पाजळलेला वस्तरा त्यानें सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं धरला, तों ती धार त्यास जाड सुरीच्या पाठीसारखी रुंद व चरे पडलेली दिसली. धारेवर जी चकाकणारी रेघ दिसते, ती तीक्ष्णतेची नसून बोथटपणाची खूण होय. कारण प्रकाश परतावयास तेथें कांहीं तरी रुंदी असावीच लागते.

साध्या सूक्ष्मदर्शकास मात्र मर्यादा आहे. प्रकाशाच्या लहरीची लांबी सुमारें मिलिमीटरचा दोन हजारावा भाग असते. तिच्याहून फार बारीक वस्तु प्रकाशानें स्पष्ट दिसत नाहीं. आधुनिक पात्याची धार तर त्याहूनहि बारीक. ही अडचण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें दूर केली. त्याचा पाया नॉल व रुस्का यांनीं १९३१ सालीं बर्लिन येथें घातला.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंतील एका संशोधकानें स्वतःची दाढी करून तीं पातीं अशा यंत्राखालीं तपासलीं. धार हळूहळू झिजून गोल होत असावी, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षांत धारेचे बारीक टवके उडालेले आढळले! केस पोलादाहून सुमारें ५० पट मऊ. मग हें घडलें कसें? २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनांत तीन कारणें दिलीं आहेत: केस वांकून धारेस तिरपा लागणें, पोलादाची अंतर्रचना सर्वत्र सारखी नसणें, आणि नेमक्या अशा विषम जागीं केसाची कड येणें. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे तेथें चीर पडते व टवका निघतो.

केसाचें बळ मोठें नव्हतें; पोलादांतील विषमताच त्यास अनुकूल झाली. मनुष्यस्वभावाचेंहि आम्हांस असेंच दिसतें. मोठे आघात सोसणारा मनुष्य एखाद्या क्षुल्लक मोहापुढें खचतो, तेव्हां दोष बहुधा आंतच असतो. म्हणून धार लावण्याची घाई करण्यापूर्वीं पोलाद एकजीव करावें, हें विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींहि ध्यानांत ठेवावें.